‘आमचा’ म्हणजे कोणाचा?

शाळेत विभक्ती शिकविताना षष्ठीपाशी आले म्हणजे शिक्षकाला अंमळ थांबावे लागते. ‘रामाचे घर’, ‘रामाचा पुत्र’, ‘रामाचे गाव’ या तिन्ही ठिकाणी प्रत्यय एकच आहे. परंतु घर रामाला विकता येते, पुत्र विकता येत नाही. आणि गावाविषयी बोलावयाचे तर गाव रामाचे असण्यापेक्षा रामच गावाचा असतो. पाणिनीनेही षष्ठीला केवळ स्वामित्वाच्या दाव्याला न बांधता ‘संबंध’ या विशाल अर्थासाठी मोकळे ठेविले, यात मोठे मर्म आहे. व्यवहाराची भाषा मात्र इतकी उदार नसते. ‘हे कोणाचे?’ असे तिने विचारले, की तिला खरेदीखत पाहावयाचे असते. स्वामित्व आणि ममत्व या दोहोंत कलह लागला म्हणजे ममत्वाची कशी दैना होते, याचे एक उदाहरण या मासी वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. उदाहरण विलायतेतील आहे आणि तेही फुटबॉलचे. परंतु घरोघरची तरुण मंडळी हल्ली रात्री जागून विलायती सामने पाहतात, तेव्हा विषय कोणास अगदीच परका वाटू नये.

लँकेशायरचे नाव स्वदेशीच्या चळवळीपासून आपल्या घरांत परिचित आहे. त्या कापडाच्या मुलखात मँचेस्टरच्या उत्तरेस सुमारे १३ किलोमीटरांवर बेरी नावाचे गाव आहे. हातमागाचा वेग वाढविणारा धावता धोटा ज्याने काढला तो जॉन के याच परिसरातला, आणि लंडनच्या पोलिसदलाचा जनक रॉबर्ट पील याचा जन्मही १७८८ साली इथलाच. या गावात १८८५ साली एक फुटबॉल क्लब निघाला. गिग लेन नावाच्या मैदानावर तो खेळू लागला व १८९४ साली फुटबॉल लीगमध्ये दाखल झाला. १९०० साली त्याने साउदम्प्टनच्या संघाचा ४–० असा पराभव करून एफ.ए. कप जिंकला, आणि १९०३ साली तर संपूर्ण स्पर्धेत एकही गोल अंगावर न घेता अंतिम सामन्यात डर्बीला ६–० असे लोळविले. अंतिम सामन्यातील एवढ्या अंतराच्या विजयाला पुढे ११६ वर्षे कोणी गाठू शकले नाही. ते २०१९ च्या मे महिन्यात गाठले शेजारच्या मँचेस्टर सिटीने.

परंतु पूर्वजांच्या पराक्रमावर वंशजांचे पोट भरत नाही. इंग्लंडात फुटबॉलची रचना शिडीसारखी आहे. सर्वांत वरच्या पायरीवर २० क्लब, तिच्याखालच्या तीन पायऱ्यांवर मिळून ७२, आणि त्याहीखाली आणखी पुष्कळ पायऱ्या. दरवर्षी चांगले खेळणारे वर चढतात व वाईट खेळणारे खाली उतरतात. बेरीचा संघ १९२९ साली सर्वांत वरच्या पायरीवरून जो उतरला तो पुन्हा तेथे चढला नाही. अशा क्लबाच्या पाठीराख्याची अवस्था कल्पनेने पाहावी. हाकेच्या अंतरावर मँचेस्टरचे दोन जगद्विख्यात संघ आहेत. त्यांपैकी एकाचा ध्वज खांद्यावर घेतला असता दरवर्षी काही ना काही पदरात पडण्याची आशा तरी होती. तरीही हा गृहस्थ शनिवारी दुपारी पावसात गिग लेनवर जाऊन उभा राहतो. कारण त्याचा बाप तेथे उभा राहत असे, आणि बापाचा बापही. कुलदैवत जसे कोणी निवडून घेत नाही, तसाच हा क्लबही त्याच्या वाट्याला आलेला असतो. तो व्यवस्थापकाला नावे ठेवतो, पंचाच्या डोळ्यांविषयी शंका घेतो, ‘पुन्हा म्हणून येणार नाही’ अशी प्रतिज्ञा करतो, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा हजर होतो. ही चिडचिड घरातल्या नापास मुलावरच्या रागासारखी होय. तिच्या पोटी माया असते, आणि तिने कोणाचे काही बिघडत नाही.

बेरीच्या लोकांवर २०१९ साली जी वेळ आली ती निराळी होती. त्या वेळी संघ हरत नव्हता. उलट २०१८-१९ च्या मोसमात चौथ्या श्रेणीत दुसरा क्रमांक पटकावून तो तिसऱ्या श्रेणीत चढला होता. परंतु मैदानावर विजय होत असताना कचेरीत खेळाडूंचे व नोकरांचे पगार थकत होते. कर्जाच्या ओझ्यासह हा क्लब डिसेंबर २०१८ मध्ये अवघ्या एका पौंडाला एका हातातून दुसऱ्या हातात गेला होता. नवीन मोसम उभा राहिला तेव्हा देणी भागविण्याइतके द्रव्य आहे, अशी लीगची खात्री पटविता येईना. प्रथम १२ गुण वजा झाले, मग सामने एकामागून एक रद्द होऊ लागले. एका माजी संचालिका बाईंनी मैदानावरील इमारतीच्या पन्हळीला स्वतःला बेड्यांनी जखडून घेतले. अखेरच्या दिवसांत एक नवा खरेदीदार पुढे आला, तेव्हा आता सामना होणार या आशेने शेकडो माणसे केरसुण्या व फडकी घेऊन गिग लेन साफ करावयास धावली. २७ ऑगस्ट रोजी तो खरेदीदार मागे सरला आणि त्याच रात्री १२५ वर्षांचा सभासद असलेला क्लब लीगमधून काढून टाकण्यात आला. १९९२ नंतर अशी पाळी कोणावर आली नव्हती.

ज्यांनी केरसुण्या हाती घेतल्या त्यांचा या सर्व प्रकरणात अधिकार कोणता होता? कायद्याच्या दृष्टीने कोणताच नव्हता. क्लब ही एक कंपनी. भाग ज्याचे, कंपनी त्याची. आणि पन्नास वर्षे तिकीट काढून आलेला मनुष्य हा केवळ गिऱ्हाईक. परंतु एका वाण्याने दुकान बंद केले असता आपण शेजारच्या वाण्याकडे जातो; बेरीचा मनुष्य शेजारच्या मँचेस्टरला जाऊ शकत नाही. जे दुसरीकडे मिळत नाही त्याचा तो गिऱ्हाईक कसा?

येथे आम्हांस आपल्याकडील एका न्यायाची आठवण होते. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यात कुलदेवतेच्या पूजेच्या पाळीवरून तंटा लागला आणि तो विलायतेत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९२५ साली त्या न्यायासनाने असे ठरविले, की देवमूर्ती ही वाटेल तशी हलविण्याजोगी चीजवस्तू नव्हे. ती कायद्याने स्वतंत्र व्यक्ती होय, आणि सेवेकऱ्यांनी तिच्या हिताला जपले पाहिजे. पुढे मुंबई राज्याच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने देवस्थानात ‘हितसंबंध’ कोणाचा हे सांगताना, तेथे पूजेस उपस्थित राहण्याचा ज्याचा परिपाठ आहे अशा साध्या भाविकासही त्यात स्थान दिले. म्हणजे नित्य देवळात जाणारी एखादी वृद्धा विश्वस्तांच्या कारभाराविरुद्ध धर्मादाय आयुक्तांकडे दाद मागू शकते. नित्य येण्याने हक्क उत्पन्न होतो, हे तत्त्व आपल्याकडे देवळापुरते का होईना मान्य झाले होते. ज्या देशाच्या न्यायासनाने आपल्या देवाला व्यक्ती मानिले, त्या देशातील क्लबाच्या भाविकाला मात्र कोठेच दाद मागता येत नव्हती, हा दैवदुर्विलास म्हणावयाचा.

कोणी म्हणेल, मालकापाशी पैसा नव्हता म्हणून हे घडले. धनवान मालक असता तर तक्रार उरली नसती. त्यासाठी त्याच मुलखातील ब्लॅकबर्नकडे पाहावे. हा क्लब १८७५ सालचा, आणि १८८८ साली लीग स्थापणाऱ्या बारांपैकी एक. नोव्हेंबर २०१० मध्ये तो विकत घेतला आपल्या पुण्याच्या, कुक्कुटपालनाच्या धंद्यात अग्रेसर असलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीज या पेढीने. २०१२ साली संघ वरच्या श्रेणीतून घसरला. ज्या सामन्यात ते निश्चित झाले, त्यात कोणा संतप्त पाठीराख्याने क्लबाचे निशाण गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडून दिली. २०१७ साली संघ तिसऱ्या श्रेणीपर्यंत उतरला व पुढच्याच वर्षी एक पायरी वर आला. या पेढीने पैशाकडे पाठ फिरविली असे विरोधकही म्हणणार नाहीत. तोटा भरून काढण्यासाठी तिने वर्षानुवर्षे भांडवल ओतले आहे. तरी तेथील पाठीराख्यांचे गाऱ्हाणे एकच आहे: मालक दूर असतात आणि आमच्याशी बोलत नाहीत. यावरून दिसते, की मनुष्य हार सोसतो, दारिद्र्यही सोसतो. परंतु ज्यात त्याचा जीव गुंतला आहे त्याविषयी त्याला कोणी विचारूच नये, हे त्याच्याने सोसवत नाही.

बेरीच्या लोकांनी पुढे काय केले ते विशेष मननीय आहे. काहींनी वर्गणी जमवून नवा क्लब स्थापिला, आणि २०२० साली लीगच्या कितीतरी खाली, दहाव्या पायरीवर, दुसऱ्याच्या मैदानात खेळावयास आरंभ केला. दुसरे म्हणाले, गिग लेन व जुने नाव सोडून आमचा क्लब कसला? एकत्र कुटुंबात वाटणी झाली म्हणजे देवघर कोणाकडे राहावे यावरून जी कटुता येते, ती वाचकांस सांगावयास नको. २०२२ साली दुसऱ्या पक्षाने सरकारी निधीचे साह्य मिळवून मैदान सोडविले. त्याच वर्षी दोन चुली एक करण्याचा प्रस्ताव मतास टाकला तो आवश्यक मताधिक्याला थोडक्यात उणा पडला. २०२३ मध्ये पुन्हा मते घेतली तेव्हा तो संमत झाला. जुन्या नावाने, जुन्या मैदानावर, नवव्या पायरीवरून संघ पुन्हा खेळू लागला आणि २०२५ साली ती श्रेणी जिंकून आठव्या पायरीवर चढला. १९०३ च्या मानाने हा विजय केवढासा! परंतु या वेळी क्लब खरेदीखताच्या अर्थानेही त्यांचा होता.

सरकारासही जाग आली. ट्रेसी क्राउच या पार्लमेंटच्या सभासद बाईंच्या अध्यक्षतेखाली चौकशी होऊन नोव्हेंबर २०२१ मध्ये अहवाल निघाला, आणि जुलै २०२५ मध्ये फुटबॉलच्या कारभाराचा कायदा झाला. त्यान्वये स्वतंत्र नियामक नेमला जाऊन वरच्या पाच श्रेणींतील क्लबांचे मालक लायक आहेत की नाहीत हे पाहणे त्याच्याकडे आले. आणि महत्त्वाच्या बाबतींत पाठीराख्यांचा विचार घेणे क्लबांवर बंधनकारक झाले. हा कायदा कोणाला जिंकून देणार नाही, आणि देऊही नये. हरण्याचा संभव नसेल तर खेळ कसला? परंतु षष्ठीचा दुसरा अर्थही आता दफ्तरी नोंदला गेला, हे थोडे नव्हे.

आपल्या गावोगावी जुनी वाचनालये आहेत, व्यायामशाळा आहेत, शिक्षणसंस्था आहेत. त्यांना आपण ‘आमची’ म्हणतो, आणि त्यांच्या कारभाराविषयी ओटीवर बसून यथेच्छ बोलतो. वार्षिक सभेची नोटीस आली म्हणजे मात्र ती वर्तमानपत्राखाली जाते. बेरीच्या लोकांस आपल्या क्लबाच्या सभेत बसण्याचा अधिकार मिळविण्यासाठी आधी क्लब गमवावा लागला. आपल्याला तो अधिकार वर्षाच्या वर्गणीत मिळतो. या वर्षीची नोटीस येईल तेव्हा घरातील एका तरी माणसाने सभेस जावे, आणि शक्य तर एखाद्या मुलालाही बरोबर न्यावे.