मेळघाटचे देणे

एप्रिल २०२३ मध्ये खारपाणपट्ट्यातील माणसे आपल्या गावचे खारे पाणी सोबत घेऊन अकोल्याहून नागपूरकडे पायी निघाली होती. वान धरणातून ६९ गावांना गोडे पाणी द्या, एवढेच त्यांचे मागणे. तेल्हाऱ्याचे शेतकरी त्याआधीपासूनच विरोधात उभे होते. धरण ओलितासाठी बांधले, त्यातून ८४ खेडी योजनेसारख्या पिण्याच्या योजनांनी वाटा नेला, आता आमच्या शेतीला उरणार काय, असा त्यांचा सवाल. म्हणणे दोघांचेही खरे होते. मात्र या भांडणात भिंतीमागच्या सुमारे ८२ दलघमी पाण्याची दशांशापर्यंत वाटणी झाली आणि ते पाणी येते कुठून, हा विषयच निघाला नाही.

ते येते मेळघाटातून. सातपुड्याच्या या उतारांवर सागाचे, बांबूचे रान आहे. आषाढसरी तिथे थेट मातीवर आदळत नाहीत. पाने त्यांचा मार झेलतात, पालापाचोळा पाणी थोपवतो, मुळे माती धरून ठेवतात. मुरलेले पाणी पाऊस सरल्यावरही नाल्यांतून झिरपत राहते आणि धरणात गाळ कमी उतरतो. पायथ्याशी नद्यांनी आणून टाकलेल्या गोटे-वाळूच्या थरांत पाणी भरपूर मुरते. अचलपूर-चांदूरबाजारची संत्री, अकोटची केळी, अंजनगाव सुर्जीचे पानमळे आणि पानपिंपळी हे सारे या गोड्या पट्ट्याचे वैभव. तिथून पूर्णा नदीकडे थोडे खाली उतरले की विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात बोअर कितीही खोल नेला, तरी तहान भागत नाही. तिथल्या माणसासाठी डोंगरावरचे जंगल ही सहलीची जागा नसून घरातला रांजण आहे.

या रांजणाची किंमत काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेने २०१९ च्या अहवालात देशातल्या दहा व्याघ्र प्रकल्पांच्या उपकाराचे मोल मांडले, त्यात मेळघाटही होता. पण तो हिशेब कागदावरच राहिला. घाऊक पाण्याचे दर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवते. त्यात धरणे-कालव्यांच्या देखभालीचा खर्च धरला जातो. धरण भरणाऱ्या जंगलाच्या राखणीसाठी त्यात रकाना नाही.

ही राखण फुकट झालेली नाही. १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प आला, या शतकाच्या सुरुवातीला बोरी, कोहा, कुंड ही गावे उठली, पुढे आणखी गावे डोंगर उतरली. काही विस्थापितांची तक्रार इतकी तीव्र होती की ते जुन्या गावठाणाकडे परत फिरले. जंगल राखण्याची किंमत इथल्या कोरकू आदिवासींनी मोजली आणि त्याचे पाणी सखल भागातल्या आपण सर्वांनी वापरले.

राखण गावाच्या हाती दिली तर काय होते, हे परतवाड्याजवळच्या पायविहीरने दाखवले आहे. वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये या गावाला १९२ हेक्टर उजाड वनजमिनीवर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेने चराई आणि तोड थांबवली, चर खणले, झाडे लावली. तिथली सीताफळे मुंबईच्या बाजारात पोहोचली आणि २०१४ मध्ये गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

म्हणून आमची सूचना सरळ आहे. घाऊक पाणीदरातला एक छोटा, ठरलेला हिस्सा पाणलोटातल्या ग्रामसभांच्या खात्यात थेट जमा व्हावा. खारपाणपट्ट्यातल्या घरगुती नळावर त्याचा बोजा टाकू नये. सुरुवात उद्योगांच्या आणि मोठ्या शहरांच्या पाण्यापासून करावी. हाच न्याय काटेपूर्णेवर जगणाऱ्या अकोल्याला आणि अप्पर वर्धावर जगणाऱ्या अमरावतीलाही लागू व्हावा; त्यांचे पाणलोट वेगळे आहेत, ऋण तसेच आहे. हिमाचलातल्या पालमपूर नगर परिषदेने २०१० मध्ये झऱ्यावरचे जंगल राखणाऱ्या बोहल गावाशी असाच करार केला. रक्कम वर्षाला दहा हजार रुपये, म्हणजे नाममात्र, पण पाणी पिणाऱ्याने देणे मान्य केले. न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये महागडा शुद्धीकरण प्रकल्प बांधण्याऐवजी डोंगरावरच्या शेतकऱ्यांशी करार करणे पत्करले, तेही व्यवहार पाहूनच.

पैसा वाटेत मुरेल, ही शंका रास्त आहे. म्हणूनच तो नव्या महामंडळाकडे न जाता ग्रामसभेकडे जावा आणि त्याचा जमाखर्च गावच्या फळ्यावर लागावा. दरवर्षी पावसाळा संपला की जिल्हाधिकारी कार्यालयात पाणी आरक्षणाची बैठक बसते. महापालिका, उद्योग, सिंचन असे सगळे वाटेकरी तिथे असतात. यंदा त्या टेबलाशी मेळघाटच्या ग्रामसभांसाठीही एक खुर्ची मांडावी. पाणी कोणाला किती, हे ठरवण्याआधी ते राखणाऱ्याला किती, हे तिथेच ठरू द्या.