कुटकीचे कांडण आणि पाच रुपयांची पुडी

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील देडतलाई हे गाव मेळघाटच्या सीमेलगतच्या कोरकू आदिवासींच्या पट्ट्यात वसलेले असल्यामुळे, तेथील खाण्यापिण्याची निवड हा केवळ जिभेच्या संयमाचा प्रश्न मानणे अन्यायाचे ठरेल. ज्वारीची भाकरी, कोदो-कुटकी ही बारीक भरडधान्ये, डाळी आणि पावसाळ्यातील रानभाज्या हा या पट्ट्याचा जुना, सकस आहार आहे. परंतु कुटकीच्या इवल्याशा दाण्यावरचे टरफल उखळात पुनःपुन्हा कांडून व सुपाने पाखडून काढावे लागते आणि हे कष्ट शेतातून दमून आलेल्या बाईच्याच वाट्याला येतात, तर दुकानाच्या दारात माळेने टांगलेली पाच रुपयांची पुडी दातांनी फाडली की पोराचे रडणे तेवढ्यापुरते थांबते. अशा पुडीतील पदार्थांना आहारशास्त्र ‘अतिप्रक्रियायुक्त अन्न’ म्हणते, म्हणजे मूळ धान्याचा कोंडा व तंतू गमावलेले आणि मीठ, साखर, तेल व कृत्रिम स्वाद यांवर उभे केलेले कारखानी खाद्य. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची मर्यादा सांगितली आहे; हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत देशातील ५६.४ टक्के रोगभार अयोग्य आहाराशी जोडला आहे. कुपोषण ही ज्या भागाची जुनी जखम आहे, तेथे नुसत्या उपदेशाची पत्रके वाटून भागणार नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केलेल्या शासनाने कुटकी सडण्याचे लहान यंत्र गावात आणावे आणि ते धान्य अंगणवाडीच्या ताटात वाढावे.