विश्लेषण : अनुदान देणाऱ्यांनी पगारही द्यावेत का?

जून २०२४च्या अखेरीस टाटा समाजविज्ञान संस्थेने (टिस) मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी येथील सुमारे ११५ कंत्राटी कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीच्या नोटिसा दिल्या. त्यांत ५५ अध्यापक होते. त्यांचे पगार टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या अनुदानातून होत आणि ते अनुदान आले नव्हते. ट्रस्टने निधीची हमी दिल्यावर दोन दिवसांत नोटिसा मागे घेतल्या गेल्या. पण त्या दोन दिवसांनी धर्मादाय निधीच्या मूल्यांबद्दल जे दाखवले, ते उद्दिष्टपत्रिकेत वाचायला मिळत नाही.

ट्रस्टकडे पैसा येतो कुठून?

सर रतन टाटा यांच्या संपत्तीतून १९१९ मध्ये आणि थोरले बंधू सर दोराबजी यांच्या संपत्तीतून १९३२ मध्ये ट्रस्ट उभे राहिले. आज टाटा सन्समध्ये टाटा ट्रस्ट्सचा एकत्रित वाटा सुमारे ६६ टक्के आहे. कंपन्या नफा कमावतात, लाभांश ट्रस्टकडे येतो, त्यातून अनुदाने जातात. देणगीसाठी कोणाच्या दारात जावे लागत नाही, त्यामुळे इतर देणगीदार टाळतात तो खर्च उचलण्याची मुभा या ट्रस्टना आहे.

मूळ उद्दिष्ट काय होते?

शिक्षणाचा प्रसार आणि पीडितांना साह्य, तेही प्रांत, राष्ट्र, धर्म न पाहता. दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी त्या रोगाच्या संशोधनासाठी त्यांच्या स्मरणार्थ वेगळा ट्रस्ट निघाला. १९३६ मध्ये टिस, १९४१ मध्ये परळचे टाटा स्मारक रुग्णालय, १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. रुग्णालय १९५७ मध्ये केंद्र सरकारकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. रुग्णालयाची इमारत ट्रस्टने दिली खरी, पण ते आजवर चालले ते डॉक्टर-परिचारिकांच्या पगाराचा भार कोणीतरी कायमचा उचलला म्हणून.

मग पगारालाच हात आखडता का?

इमारतीवर पाटी लावता येते, रुग्णवाहिकेचा फोटो निघतो. तालुक्यात दुचाकीवर फिरणाऱ्या कार्यकर्त्याच्या मानधनाचा फोटो कसा काढणार? त्यामुळे तो खर्च ‘प्रशासकीय’ ठरतो आणि प्रस्तावातून सर्वांत आधी कापला जातो. कायद्याचा कलही तिकडेच. २०२० च्या दुरुस्तीने परदेशी निधीतून होणाऱ्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि तो निधी दुसऱ्या संस्थेला देण्यास मनाई केली. मोठ्या संस्थेमार्फत पैसा मिळवणाऱ्या छोट्या संस्थांची वाट तिथेच बंद झाली. २०२३ च्या वित्त कायद्यानंतर एका धर्मादाय संस्थेने दुसरीला दिलेल्या १०० रुपयांपैकी ८५च रुपये प्राप्तिकरासाठी खर्च म्हणून धरले जातात.

ट्रस्टने काय करावे?

अनुदान कायमचे चालू ठेवा, असे कोणी म्हणत नाही. विषय बदलायचा, हात काढून घ्यायचा अधिकार देणाऱ्याला असतोच. मात्र ज्या अनुदानावर माणसांच्या नेमणुका होतात, त्याच्या करारात मुदत स्पष्ट असावी, नूतनीकरणाचा निर्णय ती संपण्याच्या किमान वर्षभर आधी लेखी कळवला जावा आणि नकार असेल तर संस्थेला दुसरी सोय होईपर्यंतचे पगार त्यात धरलेले असावेत. तुळजापुरातील अध्यापकाला आपली नोकरी कधीपर्यंत आहे, हे नोटीस हातात पडण्याआधी कळायला हवे.