अभंग कोणाचा?
रामानुजाचार्यांच्या जन्मग्रामी, श्रीपेरुंबुदूरला, दिव्यप्रबंध ग्रंथापेक्षा गोष्ठीच्या कंठात अधिक नांदतो. याच तमिळ प्रदेशात भजनमंडळ्या तुकोबांचे अभंगही गातात; गाणाऱ्यांपैकी अनेकांना मराठी येत नाही. तंजावरास आलेल्या मराठी कीर्तनकारांचे ऐकून कृष्ण भागवतरांनी साकी, दिंडी, ओवी आत्मसात केली व तमिळ हरिकथेला घाट दिला. त्या संस्कारातून अभंगही तेथे रुजला. त्याचे उच्चार ‘भ्रष्ट’ ठरवून आमच्यातील काही अभ्यासक मोकळे होतात. मला हे मान्य नाही. (पंढरीच्या वाटेवर तरी सर्व दिंड्यांचा उच्चार कोठे एक असतो?) ज्याला अर्थ कळत नाही तोही पिढ्यान्‌पिढ्या जे गातो, ते मराठी वाङ्मयेतिहासाबाहेर कसे? मराठी विभागांनी त्यांच्या तमिळ लिपीतील वह्या व गायन आधी नोंदवून घ्यावे. शुद्धाशुद्धाचा निवाडा मागाहून.