गुरुवारची सुट्टी, रविवारची शांतता

परदेशी शिकायला गेलेल्या मुलाने फिरावे किती आणि रिकामे बसावे किती, हा प्रश्न पिंपरी-चिंचवडच्या घरांत बहुधा हिशेबाच्या भाषेतच विचारला जातो. शैक्षणिक कर्ज डोक्यावर असताना जर्मनीतून तळ्याकाठची छायाचित्रे आली, की 'हा अभ्यास कधी करतो?' ही शंका ठरलेली. ती अनाठायी म्हणता येत नाही. ज्या घरात बापाने तीन पाळ्यांत उमेद घालवली, तिथे मोकळा वेळ म्हणजे रात्रपाळीनंतरची झोप. साप्ताहिक सुट्टीदेखील इथल्या कित्येक कारखान्यांत गुरुवारी, कारण विजेचा भार आठवड्यात विभागायचा होता. विश्रांतीचा वार जिथे विजेच्या सोयीने ठरतो, तिथे निवांतपणाची सवय कोठून लागावी?

जर्मनीत १९१९ च्या वायमार राज्यघटनेतले रविवारविषयीचे कलम आजच्या घटनेतही कायम आहे. रविवार हा श्रमांपासून विसाव्याचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून तिथे कायद्याने राखलेला आहे. दुकाने बंद, रस्ते शांत. भोसरी-आकुर्डीहून गेलेल्या मुलाला असे पहिले रविवार शिक्षेसारखे वाटले तर नवल नाही. पुढे तो नुसता चालू लागतो, आगगाडीने शेजारची गावे पाहू लागतो. कुणी नेमून न दिलेल्या गोष्टीकडे लक्ष देण्याची ही पहिलीच वेळ असते, आणि माझ्या मते तिचे मोल पदवीहून कमी नाही.

अर्थात हे सर्वांच्या वाट्याला येत नाही. मार्च २०२४ पासून तिथे युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस नोकरी करता येते. हप्त्यांचा तगादा असलेला मुलगा हे दिवस एखाद्या गोदामात खर्ची घालतो. त्याला 'जग पाहा' असे सांगणे हा सुखवस्तूंचा उद्धटपणा झाला.

अभ्याससहलींची गोष्ट अधिक बोचरी आहे. वोल्फ्सबुर्गला २००० साली 'आउटोश्टाट' उघडले. तिथून फोक्सवागनचा चालता कारखाना कुणालाही पाहता येतो. लोक मुलाबाळांना घेऊन जातात. त्याच कंपनीचा कारखाना २००९ पासून चाकणला आहे. पण चाकणचा पट्टा म्हणजे आमच्या लेखी लांबच लांब भिंती आणि पाळी सुटतानाची वाहनांची रांग. महाविद्यालयाची 'इंडस्ट्रियल व्हिजिट' असते खरी. पुष्कळदा ती हजेरीपुरती, आणि उरलेला वेळ गोव्यात. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५४ मध्ये पेनिसिलिनसाठी उभी राहिलेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीतच आहे. फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये शाइस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवलेला संग्रामदुर्ग तर चाकण गावातच आहे. ऱ्हाइनकाठचे किल्ले पाहणाऱ्या किती मुलांनी तो पाहिला असेल?

कामगाराच्या कुटुंबाला कारखान्याच्या आत जायला मिळते ते बहुधा खंडेनवमीला. तेव्हा यंत्राला झेंडूची माळ असते, आणि ते बंद असते.