वाळूचं तापमानही नोंदवा

फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर कासवमित्र घरट्यावरची टोपली उचलतो आणि ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे सरकू लागतात. बातमीत आकडा येतो तो समुद्रात गेलेल्या पिल्लांचा. त्यांत नर किती, माद्या किती, हे कुणी विचारत नाही. मला तो प्रश्न आता टाळण्याजोगा वाटत नाही.

आपलं लिंग गुणसूत्रं ठरवतात, कासवाचं वाळूची ऊब. मादी दीडेक फूट खोल खड्ड्यात शंभरेक अंडी घालून निघून जाते. उबवणीच्या काळाचा मधला तिसरा हिस्सा निर्णायक. तेव्हा वाळू साधारण २९-३० अंशांच्या वर राहिली तर बहुतेक माद्या, खाली राहिली तर बहुतेक नर. उबेमुळे भ्रूणात ॲरोमटेझ हे विकर वाढतं, ते इस्ट्रोजेन तयार करतं आणि बीजकोश घडतो. अवघ्या दोन-तीन अंशांचा हा खेळ.

ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. प्रौढांमध्ये माद्या सुमारे ८७ टक्के निघाल्या, वयात न आलेल्यांमध्ये ९९ टक्क्यांहून जास्त. म्हणजे तिथे पिढीगणिक नर कमी होत चालले आहेत, आणि नुसती पिल्लं मोजून हे कधीच कळलं नसतं.

वेळासला २००२ पासून गावकरी आणि संस्थांनी जिवाचं रान करून अंडी वाचवली. त्यासाठी अंडी मूळ जागेवरून हलवून कुंपणाच्या आत, म्हणजे हॅचरीत, पुरली जातात. तिथे खड्डा किती खोल, ऊन किती, सावली किती, हे माणूस ठरवतो. पर्यायाने पिल्लांचं लिंगही थोडंफार आपणच ठरवतो, आणि ते नकळत ठरू नये.

म्हणून घाईने सगळीकडे सावलीसाठी हिरवी जाळी ताणा, असं मी म्हणणार नाही. वाळू फार थंड ठेवली तर नरच नर जन्मतील, आणि पुढे अंडी घालायला माद्या लागतात. आधी मोजमाप हवं. पिल्लाचं लिंग बाहेरून ओळखता येत नाही, पण तापमानावरून अंदाज बांधता येतो. अंड्यांच्या खोलीवर तापमान नोंदवणारं छोटं यंत्र पुरायला फारसा खर्च येत नाही. वनविभागाने येत्या हंगामापासून कोकणातल्या प्रत्येक हॅचरीत ते द्यावं, कासवमित्रांना त्याच्या नोंदी वाचायला शिकवावं आणि पिल्लांच्या आकड्याशेजारी वाळूचं तापमानही जाहीर करावं.