दृष्टी गेल्यावर जायचे कोठे?

उज्जैन येथे 2028 साली सिंहस्थ भरावयाचा आहे. त्या निमित्ताने क्षिप्रेचे घाट, पूल व रस्ते यांच्या कामांना वेग आला आहे. येथून महाकालाच्या दर्शनास जाणाऱ्यांची संख्या थोडी नाही. शिंद्यांच्या अमदानीपासून तेथे स्थायिक झालेली मराठी घराणीही आहेत. तेव्हा त्या नगरीच्या एका प्रश्नाची चर्चा या स्तंभात करणे अस्थानी ठरू नये.

प्रयागच्या 2019 आणि 2025 च्या मेळ्यांत ‘नेत्रकुंभ’ भरला व यात्रेकरूंचे डोळे तपासून त्यांना चष्मे देण्यात आले. उपक्रम स्तुत्य खराच. उज्जैनलाही तसे काही अवश्य व्हावे. परंतु ज्याला चष्म्याचा वा शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, त्याने तपासणीनंतर कोणाकडे जावयाचे?

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू आहे. त्याचा भर साहजिकच मोतीबिंदूवर राहिला आणि त्यात देशाने मोठी मजल मारली. काचबिंदूने गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. मधुमेहाने पडदा निकामी झाला तर तीही बहुधा गेलीच. अशा रुग्णास ‘आता काही करता येणार नाही’ असे सांगितले जाते. वैद्यकाच्या अंगाने ते खरे असेल, पण माणसाच्या अंगाने ते अर्धेच वाक्य आहे. पांढऱ्या काठीच्या आधाराने रस्ता ओलांडणे, बोलणारा मोबाईल वापरणे, उरलेल्या नजरेला भिंगाची जोड देऊन वाचणे, चुलीपाशी पुन्हा निर्धास्त वावरणे, हे सारे शिकता येते. ते शिकविणाऱ्यापर्यंत रुग्ण पोचत नाही, हे खरे दुखणे आहे.

2016 च्या कायद्याने अंधांबरोबर अल्पदृष्टी व्यक्तींनाही आपल्या छत्राखाली घेतले. तथापि अंधुक दिसणारा मनुष्य स्वतःला अंध म्हणवून घेण्यास तयार नसतो. ‘अंधांची संस्था’ हे नाव ऐकूनच तो पाठ फिरवितो. जो धीर करून प्रमाणपत्र मिळवितो, त्यालाही शिक्षक मिळत नाही.

वस्तुतः साधने अगदीच नाहीत असे नव्हे. 1952 साली मुंबईत स्थापन झालेली ‘नॅब’ आजही कार्यरत आहे. अंधांसाठीचे ब्रेल साहित्य टपालखाते विनामूल्य पोचविते. शिवाय 1951 च्या भारती ब्रेलमुळे उज्जैनच्या मराठी घरातील मुलाने हिंदीतून ब्रेल गिरविली, तरी मराठी पुस्तकासाठी त्याला नवी लिपी शिकावी लागत नाही. आपल्या भाषिक वादांत हे सहा ठिंबके किती शहाणे निघाले!

आमची सूचना खर्चाची नाही. जिल्हा रुग्णालयाने प्रमाणपत्राच्या पाठीमागे ठळक अक्षरांत काठी, ब्रेल आणि मोबाईल यांचे शिक्षण देणाऱ्यांचे पत्ते, वार व वेळ छापावी, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला ती कारकुनाने वाचून दाखवावी. सोय उज्जैनात नसेल तर इंदूरचा पत्ता द्यावा. मात्र इंदूर सुमारे 55 किलोमीटर दूर आहे. अंध बापाला तेथे नेणाऱ्या मुलाचा दिवसाचा रोज बुडतो. म्हणून महिन्यातून निदान एकदा त्या शिक्षकानेच उज्जैनला यावे आणि त्याचे गाडीभाडे जिल्हा प्रशासनाने द्यावे. सिंहस्थाच्या अंदाजपत्रकात एवढी रक्कम कोणाच्या नजरेसही येणार नाही.